गर्दीचा आवाज कुणाचा?

२ नोव्हेंबर २०२५ ला बायकांच्या क्रिकेट वर्ल्ड कपच्या फायनलमध्ये हरमनप्रीतने मागे धावत जाऊन शेवटचा झेल घेतला, तेव्हा नेरूळला मध्यरात्र उलटली होती आणि माझ्याकडे लंडनच्या वेम्ब्लीत संध्याकाळचे साडेसहा वाजले होते. दादाचं घर सामना चालू होता त्या डी. वाय. पाटील स्टेडियमच्या जवळच आहे. फोनवर त्याच्यामागे जो कल्लोळ चालला होता, तो टीव्हीचा की खिडकीतून येणारा, हे त्यालाही सांगता येईना.

दोन दिवसांनी तोच दादा घरच्या ग्रुपवर लिहितो, “ही गर्दी खरी नव्हे. स्पर्धेची तिकिटं शंभर रुपयांपासून होती. पहिल्या डब्ल्यूपीएलला, म्हणजे बायकांच्या आयपीएलला तर बायकांना फुकटच सोडलं होतं. एरवी कोण जातं?” वहिनीने त्याला जे उत्तर दिलं, ते इथे छापण्यासारखं नाही.

मला मात्र २००७ सालचं एक कलादालन आठवलं. कलादालन कसलं, आमच्या वेम्ब्ली स्टेडियमजवळचं भलंमोठं, रिकामं गोदाम. पॉल फायफर या कलाकाराची ‘द सेंट्स’ ही मांडणी तिथे होती. आत पाऊल टाकलं की चहूबाजूंनी हजारो गळ्यांची गर्जना अंगावर येई. गर्जना १९६६ च्या फुटबॉल वर्ल्ड कप फायनलची, इंग्लंड विरुद्ध पश्चिम जर्मनी. इथल्या पुरुषांच्या दृष्टीने ते देवघरच. पार टोकाला एक चिमुकला पडदा, त्यावर एकटाच खेळाडू. आणि त्या भिंतीमागे गेलं की गुपित फुटे. फायफरने मनिलातल्या एका चित्रपटगृहात हजार फिलिपिनो तरुण बसवून त्यांच्याकडून हा आवाज काढून घेतला होता. त्यांचा ना इंग्लंडशी संबंध, ना त्या सामन्याशी. तरी माझ्या अंगावर काटा आला होता!

तेव्हापासून ‘खरी गर्दी’ या शब्दावरचा माझा विश्वास उडाला. ओरडायचं कसं, कधी उठायचं, कुणाला शिव्या घालायच्या, हे सगळं शिकवलेलं असतं. पुरुषांना ते शिकायला जागा मिळाली, एवढंच. (मनिलातले ते हजारही पुरुषच होते, हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं.)

या देशात तर ती जागा बायकांकडून काढून घेतली गेली. १९२० च्या बॉक्सिंग डेला, म्हणजे २६ डिसेंबरला, लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर बायकांची फुटबॉल मॅच बघायला ५३ हजार लोक आले होते. वर्षभरात, डिसेंबर १९२१ मध्ये, फुटबॉल असोसिएशनने हा खेळ बायकांना शोभत नाही असं ठरवून आपल्या क्लबांची मैदानं त्यांना बंद केली. जवळपास ५० वर्षं! २०२२ च्या बायकांच्या युरो फुटबॉल फायनलला वेम्ब्लीत ८७,१९२ लोक जमले, तेव्हा ऑफिसातल्या मंडळींना हे काहीतरी नवलाईचं वाटलं. त्या दिवशी आमच्या स्टेशनवर बाबागाड्यांची रांग होती. एरवी पुरुषांच्या मोठ्या मॅचच्या दिवशी मी डबा बदलते किंवा सरळ तासभर उशिरा निघते. तेव्हा ‘तुमच्याकडे बरं आहे’ असं कुणी म्हणू नये.

आपल्याकडे बंदी नव्हती, दुर्लक्ष होतं. बायकांच्या क्रिकेटची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९७३ ला पुण्यात झाली. संघ तीन. आज मानधन सारखं असावं, यावर वाद होतात, आणि २०२२ पासून मॅच फी सारखी झालीही. पण वाद सगळा खेळणारीचा. बघणारीचं काय, हे दादाने चुकून का होईना काढलं.

आपल्याकडच्या प्रेक्षकांच्या गॅलरीवर कुणी अशी मांडणी केलीच, तर मी आईची दुधाच्या हिशेबाची वही देईन. बाळ ज. पंडितांची कॉमेंटरी लागली की ओट्यावरचा रेडिओ मोठा व्हायचा आणि लिटरांच्या रकान्याशेजारी पेन्सिलीने धावा, विकेटा उतरायच्या. पुण्याचं नेहरू स्टेडियम सायकलवर पंधरा मिनिटांवर. बाबा जायचे, दादा जायचा. ती एकदाही गेली नाही.

का नाही गेलीस, हे मी तिला परवा पहिल्यांदा विचारलं.

“दिवसभर बसायचं, तर मध्ये जायचं कुठे गं?” ती म्हणाली. मग जरा थांबून, “डी. वाय.ला आहे का आता सोय? दादाला विचार.”