होम स्टडीसाठी घर सजवायला कर्ज काढू नका

आमची लेक दत्तक आहे हे फोंड्यात सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे ओळखीतून ओळख निघते आणि दत्तक घेऊ पाहणाऱ्या जोडप्यांचे फोन मला येत असतात. मूल देण्याआधी सोशल वर्कर घरी येऊन कुटुंबाची जी पाहणी करते, त्या होम स्टडीबद्दलच पहिला प्रश्न बहुतेक वेळा असतो: "ताई, होम स्टडीला किती खर्च येतो?" मग पाच मिनिटांत गाडी रंगावर, सोफ्यावर, एसीवर जाते. परवा डिचोलीच्या एका मुलीने सांगितलं की घर नीट दिसावं म्हणून पतसंस्थेतून दीड लाख उचलतोय. तिला मी फोनवरच थांबवलं. तिच्यासारख्या इतरांसाठी इथे सविस्तर लिहिते.

कारा म्हणजे दत्तक प्रक्रिया बघणारी केंद्र सरकारची संस्था. तिच्या 2022 च्या नियमावलीत देशातल्या पालकांसाठी होम स्टडीची फी 6,000 रुपये आहे. त्यापलीकडचा खर्च म्हणजे दाखले, झेरॉक्स, डॉक्टरांचं प्रमाणपत्र. उत्पन्न अमुक इतकं हवंच, असा आकडा नियमात कुठेही नाही. पालक शारीरिक, मानसिक, भावनिक आणि आर्थिकदृष्ट्या सक्षम असावेत, एवढंच म्हटलंय. आर्थिकदृष्ट्या सक्षम म्हणजे श्रीमंत नव्हे. सोशल वर्कर तुमची मिळकत लिहून घेते, तसा महिन्याचा खर्च आणि डोक्यावरचं कर्जही लिहून घेते. म्हणजे तिच्यावर छाप पाडायला घेतलेल्या सोफ्याचा हप्ता तिच्याच रिपोर्टात तुमच्या देण्यांच्या बाजूला जाऊन बसतो!

आपल्या गोव्यात आणखी एक भीती असते. घर वडिलोपार्जित, एक चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या सरकारी नोंदीवर, आजोबांचं नाव, खाली चार काका आणि मुंबईची आत्या. "आमच्या नावावर काहीच नाही, आम्हाला मूल कोण देणार?" असं विचारणारे मला भेटलेत. अहो, राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो, मालकीचा नाही. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनाही मूल मिळतं. त्यासाठी वाटणीचा दावा लावून वकिलाच्या फीत पैसे घालवू नका.

आमच्याकडे सोशल वर्कर आली तेव्हा भिंतींना मागच्या पावसाची ओल तशीच होती. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. परसात गेली, विहिरीच्या कठड्याला हात लावून उभी राहिली आणि म्हणाली, "हा फारच ठेंगणा आहे हो." कठडा माझ्या गुडघ्याच्या जरासा वर. आम्ही जन्मभर त्यावर कळशी टेकवत आलो, कधी मनात आलं नव्हतं. त्याच आठवड्यात वेल्डरला बोलावून लोखंडी जाळी बसवली, कडी-कुलुपासकट. होम स्टडीच्या निमित्ताने घरावर खर्च करायचाच असेल तर असा करा. उघडा जिना, हाताशी येणारे स्विच, खाली ठेवलेली कीटकनाशकाची बाटली, हे आधी बघा.

मग तिने सासूबाईंना बाजूला बसवून विचारलं, "मूल सावळं आलं तर चालेल?" सासूबाई म्हणाल्या, "आमी तरी खंय गोरीं?" या तयारीला पैसे पडत नाहीत, पण वेळ लागतो. घरातल्या थोरांशी बोलणं, मुलाला खरं कधी आणि कसं सांगायचं ते ठरवणं, आपण दोघं कामावर असताना त्याच्याकडे कोण बघणार याचं प्रामाणिक उत्तर शोधणं. सोशल वर्करचे निम्मे प्रश्न याच बाबतीतले असतात.

खरं बजेट त्यानंतरचं आहे आणि त्याबद्दल मला कोणी विचारत नाही याचं वाईट वाटतं. मूल घरी आणताना दत्तक देणाऱ्या एजन्सीला बालसंगोपन निधीचे 50,000 द्यावे लागतात. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी पाठपुराव्याची भेट, प्रत्येकी 2,000, म्हणजे 8,000. होम स्टडीचे 6,000 धरून सगळी फी 64,000. दत्तकाचा आदेश सप्टेंबर 2022 पासून कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात, तेव्हा वकिलाचा रकाना कोरा ठेवलात तरी चालेल.

प्रवासाचा मात्र ठेवाच. मूल देशाच्या कुठल्याही कोपऱ्यातून येऊ शकतं. रेफरल आला की, म्हणजे एखाद्या मुलाची माहिती तुम्हाला पाठवली की, 48 तासांत मूल राखून ठेवायचं असतं आणि मग धावपळ सुरू होते. तो फोन डिसेंबरात आला तर दाबोळी काय नि मोपा काय, विमानाची तिकिटं बघून डोळे पांढरे होतात. जाताना दोघं, येताना तिघं, शिवाय तिथलं राहणं. बाळाची तब्येत रिपोर्टात ठीक असली तरी घरी आल्यावर पहिले काही महिने डॉक्टरांच्या फेऱ्या होतात. गोवा सरकारच्या आरोग्य विम्याच्या, म्हणजे दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेच्या कार्डावर मुलाचं नाव लवकर घालून घ्या, पण ओपीडी आणि औषधांचे पैसे खिशातूनच जातात. आणि सुट्टी! खाजगी नोकरीत दत्तक आईला किती दिवस पगारी रजा मिळणार हे आजच एचआरला लेखी विचारा. बिनपगारी दोन-तीन महिने काढावे लागले तर तोच सगळ्यात मोठा खर्च ठरतो, आणि मुलाला तर तेव्हाच आपण चोवीस तास हवे असतो.

होम स्टडी रिपोर्ट तीन वर्षं चालतो आणि वाट पाहणंही बहुतेकांचं तेवढं किंवा त्याहून लांबतं. हा काळ नुसता झुरण्यात घालवू नका. महिना 3,000 ची आरडी लावली तर तीन वर्षांत 1,08,000 मुद्दल जमते. फी भागून प्रवासालाही उरतात. चवथीला दारूकामावर जे उडवतो त्यातून पहिले दोन हप्ते सहज निघतील.

आणि रोख रक्कम कुणालाही देऊ नका. नंबर वर आणून देतो, रिपोर्ट चांगला लिहून घेतो म्हणणारे मध्यस्थ भेटतात. एजन्सीला ठरलेल्या फीवर देणगी घेता येत नाही, मग ती देवाच्या नावाने मागोत की अनाथ मुलांच्या. चेक किंवा ऑनलाइन भरा, पावती घ्या, आणि कुणी वर काही मागितलंच तर सरळ जिल्हा बाल संरक्षण कक्षात जाऊन लेखी तक्रार द्या.