डार्टचं सहा सिलिंडरचं इंजिन काढू नका

क्रायस्लर कंपनीची जुनी डॉज डार्ट किंवा प्लिमथ व्हॅलियंट घेणाऱ्यांचा एक ठरलेला क्रम झालाय. गाडी घरी आली की आधी तिचं ‘स्लँट सिक्स’ नावाचं सहा सिलिंडरचं इंजिन उतरवायचं, त्या जागी आठ सिलिंडरचं व्ही-एट बसवायचं आणि मग वर्षभर ब्रेक, रेडिएटर, गिअरबॉक्स यांच्या मागे धावायचं. मला हे अजिबात पटत नाही. अमेरिकेने बनवलेल्या छोट्या गाड्यांमध्ये सगळ्यात सुज्ञपणे बनवलेली वस्तू कोणती असेल, तर ते इंजिनच. तेच काढून टाकलं तर उरतो तो पत्रा, आणि या गाड्यांचा पत्रा काही फार कौतुकाचा नाही.

थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत छोटी गाडी चालते हे १९५० साली नॅशच्या रॅम्बलरने दाखवलं. पुढे फोक्सवॅगनची बीटल खपू लागली, १९५९ला स्टुडबेकरची लार्क आली, आणि डेट्रॉइटच्या तिन्ही मोठ्या कंपन्या १९५९च्या शरद ऋतूत एकदमच मैदानात उतरल्या : शेवरोलेची कॉर्वेअर, फोर्डची फाल्कन आणि क्रायस्लरची व्हॅलियंट. छोटी म्हणजे अमेरिकेच्या मापाने छोटी. १९६३ची डार्ट घ्या, पुढच्या आणि मागच्या चाकांत १११ इंच अंतर. मुंबईच्या गल्लीत ती छोटी कुणाला वाटली नसती.

१९६५च्या इमिग्रेशन कायद्यानंतर अमेरिकेत आलेल्या मराठी विद्यार्थी-इंजिनिअरांपैकी अनेकांची पहिली गाडी अशीच होती, तिसऱ्या-चौथ्या हाताची डार्ट, व्हॅलियंट, नोव्हा नाहीतर फाल्कन. कुर्ल्याच्या प्रीमियर मोटार कारखान्यामुळे डॉज आणि प्लिमथ ही नावं मुंबईकडच्या माणसाला घरचीच होती. त्या पिढीचे जुने अल्बम पाहा, बर्फात उभ्या गाडीशेजारी कोट घातलेले काका सापडतात. त्यांतली एखादी गाडी कुणाच्या गॅरेजमध्ये अजून असेल, किंवा आठवणीपोटी कुणी आता घेणार असेल, तर पुढचं त्यांच्यासाठी लिहितोय.

स्लँट सिक्स म्हणजे सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन, उजवीकडे ३० अंश कललेलं. कलल्यामुळे बोनेट खाली बसवता आलं आणि डाव्या बाजूला मॅनिफोल्डच्या, म्हणजे हवा-पेट्रोल आत नेणाऱ्या आणि धूर बाहेर काढणाऱ्या, लांब नळ्यांना जागा मिळाली. सुरुवातीला १७० घन इंचांचं म्हणजे साधारण २.८ लिटरचं, आणि २२५चं म्हणजे ३.७ लिटरचं, पुढे १९८चंही आलं. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, तिन्हींचा एकच, ३.४० इंच. फरक स्ट्रोकचा, म्हणजे पिस्टनच्या धावेचा : १७०चा ३.१२५ आणि २२५चा ४.१२५ इंच. इतका लांब स्ट्रोक असल्यामुळे २२५ हळू फिरतानाही दमदार ओढतं. क्रँकला मेन बेअरिंग चारच, पण ती भरभक्कम, आणि १९७६च्या मध्यापर्यंत क्रँक फोर्ज केलेला, म्हणजे ठोकून घडवलेला.

आता टॅपेट, म्हणजे कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणारे भाग. या इंजिनात १९८०पर्यंत गॅप आपोआप राखणारे हायड्रॉलिक टॅपेट नाहीत, व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला गॅप हाताने लावावा लागतो. इंजिन पूर्ण गरम असताना इनटेकला ०.०१० इंच, एक्झॉस्टला ०.०२०. पुढून मोजत गेलं तर पहिल्या तीन सिलिंडरांत एक्झॉस्ट आधी, इनटेक नंतर. चौथ्यापासून उलट, इनटेक आधी. हे डोक्यात पक्कं ठेवा, कारण एक्झॉस्टला चुकून ०.०१० लावला तर व्हॉल्व्ह जळतो. कंपनीच्या पुस्तकात चालू इंजिनावर गॅप लावायला सांगितलंय. तसं करता येतं, पण फीलर गेज (गॅप मोजायची पातळ पट्टी) चावला जातो आणि तेल उडतं. बंद इंजिनावर करायचं तर सगळे प्लग काढा, प्लगांना वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडा आणि १-५-३-६-२-४ या क्रमाने त्यातला फिरणारा रोटर ज्या सिलिंडरकडे तोंड करेल त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह लावत जा. बऱ्याच जुन्या इंजिनांत क्रँकच्या पुढच्या टोकाला बोल्टच नसतो, त्यामुळे पाना लावून फिरवायचा मार्ग बंद. स्टार्टरला बारीक झटके देत पुढे जायचं. गेज दोन्ही पृष्ठभागांना हलकं घासत सरकलं पाहिजे, ओढावं लागलं तर गॅप कमी आहे.

रॉकरवरच्या स्क्रूला वेगळा लॉकनट नसतो, त्याचे आटेच घट्ट असतात. एखादा स्क्रू पाना लावताच सैल फिरू लागला तर तो बदला, नाहीतर शंभर मैलांत गॅप हलेल. आणि एक लक्षात घ्या : या इंजिनाचा टिक-टिक आवाज हा बिघाड नाही. सीट झिजते तसा व्हॉल्व्ह वर सरकतो, गॅप कमी होतो आणि आवाजही कमी होतो. हळूहळू शांत होत गेलेलं स्लँट सिक्स एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळायच्या वाटेवर असतं. शिसंविरहित पेट्रोलने जुन्या, कडक न केलेल्या सीट लवकर झिजतात, म्हणून हेड उघडलंच तर एक्झॉस्टला कडक सीट बसवून घ्या. नुसत्या त्या कारणासाठी मात्र चांगलं हेड उतरवू नका. वर्षातून एकदा गॅप तपासणं पुरतं.

प्लगची गंमत निराळी. १९७४पर्यंतच्या हेडमध्ये प्रत्येक प्लग ॲल्युमिनियमच्या नळीत बसतो आणि नळीच्या तोंडाशी रबरी रिंग असते. या नळीचा खालचा काठच प्लगचं वॉशर असतो. त्यामुळे नव्या प्लगसोबत येणारं धातूचं वॉशर काढूनच प्लग लावायचा. ते राहिलं तर प्लग पूर्ण आत बसत नाही आणि त्याची उष्णताही नीट निघत नाही. प्लगचा गॅप ०.०३५. सहाही रबरी रिंगा एकदम बदला. पन्नास वर्षांत त्या दगड झालेल्या असतात, तेल तिथून झिरपून ब्लॉकवर पसरतं, आणि लोक व्हॉल्व्ह कव्हरचं गॅसकेट बदलत बसतात. १९७५पासून हेड बदललं, नळ्या गेल्या आणि प्लगही वेगळा आला. त्यामुळे दुकानात प्लग मागताना गाडीचं नव्हे, हेडचं वर्ष सांगा.

पॉइंट, म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले ठिणगीसाठी उघड-मीट करणारे संपर्क, लावणं हे त्रासाचं काम, कारण डिस्ट्रिब्युटर कललेल्या बाजूला खाली दडलेला असतो. वाकून हात खरचटून घेण्यापेक्षा रोटर कुठे तोंड करून आहे आणि बॉडी कुठे आहे याच्या खुणा करा, एक बोल्ट सोडवा आणि अख्खा डिस्ट्रिब्युटर बाहेर काढून टेबलावर ०.०२०चा गॅप लावा. बसवताना खालचं नायलॉनचं गिअर नीट पाहा. दात पिवळे पडून ठिसूळ झाले असतील तर बदला, आणि नवं गिअर इंजिन ऑइलमध्ये भिजवूनच बसवा. हे गिअर गेलं तर गाडी जिथे असेल तिथेच थांबते.

मॅनिफोल्ड फुटण्याबद्दल या गाड्यांना नावं ठेवली जातात. त्यात दोष बसवणाऱ्याचा जास्त. इनटेक आणि एक्झॉस्ट ही दोन मॅनिफोल्ड मधोमध एकमेकांना तीन ठिकाणी जोडलेली असतात. एक तापतं, एक थंड असतं, दोन्ही वेगवेगळी फुगतात. म्हणून हेडवर बसवताना ते तीन बोल्ट आधी सैल सोडायचे, जोडी हेडला सपाट टेकू द्यायची आणि मगच आवळायचं. हेडवरच्या नटांना फक्त १० फूट-पौंड, पितळी नट आणि शंकूसारखे वॉशर जिथले तिथे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला तापल्यावर सरकायला जागा लागते. हात जड ठेवला तर पुढच्या थंडीत चीर पडलीच म्हणून समजा. त्याच एक्झॉस्टमध्ये एक छोटी झडप असते, ती अडकली की थंडीत गाडी गरम व्हायला रडते किंवा उलट कार्ब्युरेटर तापून पेट्रोल उकळतं. प्रत्येक ऑइल बदलाला ती हाताने हलवून पाहा, घट्ट वाटली तर ग्राफाइटवालं द्रावण टाका.

इलेक्ट्रिकमध्ये दोनच गोष्टी, पण दोन्ही महत्त्वाच्या. पहिली बॅलास्ट रेझिस्टर, फायरवॉलवरचा (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवरचा) पांढरा चिनी मातीचा तुकडा. सेल्फ मारला की इंजिन पकडतं, किल्ली सोडली की त्याच क्षणी मरतं, असं झालं तर कार्ब्युरेटरला हात लावू नका. सेल्फ मारताना कॉइलला बॅटरीची पूर्ण वीज थेट मिळते. किल्ली सोडल्यावर ती रेझिस्टरमधून जाते, आणि तो आतून तुटलेला असतो. एक जादा तुकडा ग्लोव्ह बॉक्समध्ये कायम ठेवा, बदलायला पाच मिनिटं लागतात.

दुसरी गोष्ट गंभीर. अल्टरनेटरची सगळी वीज फायरवॉलवरच्या मोठ्या प्लास्टिक कनेक्टरमधून डॅशबोर्डच्या ॲमीटरपर्यंत (वीजप्रवाह दाखवणाऱ्या काट्यापर्यंत) जाते आणि त्याच कनेक्टरमधून बॅटरीकडे परत येते. चपट्या पिनांवर गंज चढला की तिथे विरोध वाढतो, उष्णता होते, प्लास्टिक वितळतं. दिवे मंद होणं, ॲमीटरचा काटा फडफडणं, डॅशखाली जळका वास, यांतलं एकही लक्षण दिसलं तर बॅटरीची तार काढून कनेक्टर उघडा. काळ्या पडलेल्या पिना घासू नका, नव्या लावा. जादा दिवे किंवा एसी जोडणार असाल तर अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत वेगळी जाड तार फ्युजिबल लिंकसह, म्हणजे जादा वीज गेली तर वितळून तुटणाऱ्या तुकड्यासह, टाका.

ब्रेकबद्दल माझं मत ठाम आहे. १९६७च्या आधीच्या गाडीत मास्टर सिलिंडर एकच कप्प्याचा. कुठेही एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. बाकी काही जसंच्या तसं ठेवा, पण हे बदला. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवा आणि पुढच्या-मागच्या नळ्या वेगळ्या करा. डिस्क ब्रेकचा विचार करत असाल तर १९७३ ते ७६च्या डार्ट-व्हॅलियंटचं सामान सोयीचं पडतं, मात्र त्याचा वरचा बॉल जॉइंट मोठा असतो, म्हणून वरचे कंट्रोल आर्मही घ्यावे लागतात. शिवाय तिथे चाकाच्या बोल्टांचं वर्तुळ साडेचार इंचांचं, आणि तुमच्या मागच्या एक्सलचं चार इंचांचं. मागे तसंच ठेवलं तर स्टेपनी एकाच टोकाला बसेल.

चाकांवरून आठवलं. १९७०पर्यंत डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे असतात. बोल्टाच्या टोकावर ‘एल’ अक्षर असतं. टायरच्या दुकानातल्या मुलाला हे आधीच सांगा, नाहीतर तो एअर गन लावून बोल्ट तोडेल.

फाल्कनचं इंजिनही साधं आणि चिवट, पण इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेलं असल्यामुळे तिथे काही सुधारायला वाव नाही. कॉर्वेअर मला मनापासून आवडते. मागे बसवलेलं, हवेने थंड होणारं सहा सिलिंडरचं इंजिन करायला हिंमत लागते. सुरुवातीच्या कॉर्वेअरची बदनामी झाली ती चाकासोबत वर-खाली झुलणाऱ्या मागच्या स्विंग एक्सलमुळे. टायरमध्ये पुढे १५ आणि मागे २६ पौंड हवा असलीच पाहिजे, हे सांगूनही लोक चारही टायरांत सारखीच भरत. १९६५ला मागचं सस्पेन्शन नव्याने बनवलं, आणि १९७२ला सरकारी सुरक्षा खात्यासाठी झालेल्या चाचणीत जुनी कॉर्वेअरही समकालीन गाड्यांपेक्षा वाईट नसल्याचं दिसलं. घ्यायचीच तर पुशरॉडच्या नळ्यांचे ओ-रिंग व्हायटॉनचे (उष्णता सोसणाऱ्या रबराचे) आहेत ना ते विचारा.

गंज मात्र सगळ्यांनाच खातो. डार्टमध्ये वायपरखालच्या जाळीत पाला साठतो, पाणी आत पायाशी उतरतं, आणि पुढचा फ्लोअर जातो. खरा धोका त्याच्या खालच्या आडव्या तुळईत आहे. पुढच्या स्प्रिंगचं काम करणाऱ्या टॉर्शन बारची मागची टोकं तिथे अडकवलेली असतात आणि गाडीच्या पुढच्या भागाचा भार तिथे येतो. स्क्रूड्रायव्हर टोचून पाहा. आत गेला तर किमतीबद्दल बोलू नका, दुसरी गाडी बघा.

आता व्ही-एटवाल्यांसाठी हिशेब. सहा सिलिंडरच्या गाडीत ३१८ घन इंचांचं व्ही-एट घालायचं तर इंजिनखालचा के-फ्रेम वेगळा, टॉर्शन बार ०.८३ इंचाऐवजी ०.८७चे, गिअरबॉक्स वेगळा, रेडिएटर मोठा, मागचा सव्वासात इंची एक्सल बदलायचा, ९ इंची ड्रम बदलायचे. एवढं करून मिळते ती अशी गाडी, जी कंपनीने तेव्हाच बनवून विकली होती आणि आजही तयार मिळते. चार दारांची साधी सहा सिलिंडरवाली मात्र दरवर्षी कमी होतेय. तिचे सुटे भाग नव्याने फारसं कुणी बनवत नाही, जास्त करून बनतात ते दोन दारांच्या गाड्यांचे.

तरीही ज्यांचं ठरलंच असेल त्यांना एवढंच सांगणं : काढलेलं इंजिन भंगारात देऊ नका, आणि त्याचा गिअरबॉक्स त्याच्यापासून तोडू नका. स्लँट सिक्सचं बेलहाउसिंग, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणारं आवरण, क्रायस्लरच्या दुसऱ्या कुठल्याच इंजिनाला बसत नाही, ऑटोमॅटिकमध्ये तर ते गिअरबॉक्सच्या अंगातच ओतलेलं असतं. विकताना ब्लॉकवरचं वर्ष लिहा. १९७६च्या मध्यानंतरचा ओतीव क्रँक जुन्या ब्लॉकमध्ये चालत नाही, बेअरिंग आणि कनेक्टिंग रॉडही वेगळे, आणि घेणाऱ्याला नेमकं तेच आधी कळायला हवं असतं.