न घासता, प्रायमर न लावता पॅनेलिंग रंगवायचं?

भिंतीवर बसवलेलं लाकडी पॅनेलिंग रंगवण्याचा एक 'सोपा' सल्ला सध्या सगळीकडे फिरतोय. घासत बसू नका, प्रायमरवर (रंगाआधी लावायच्या थरावर) पैसे घालवू नका, खाचांत भिंतीची पुट्टी भरा, 'प्रायमरसकट' येणाऱ्या रंगाचा एकच जाड हात मारा आणि संध्याकाळी फर्निचर परत जागेवर लावा. यातली एकही गोष्ट मला मान्य नाही. पॅनेलिंग एकदा बिघडलं की ते दुरुस्त करायला पहिल्यापेक्षा दुप्पट मेहनत पडते, म्हणून एकेक मुद्दा घेते.

'घासायची गरज नाही.' पॅनेलिंगवर बहुतेक वेळा व्हार्निश, मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश असतं. पाणी आणि डाग आत जाऊ नयेत म्हणून तो थर दिलेला असतो, आणि त्याच्या गुळगुळीतपणामुळे रंगालाही पकड मिळत नाही. त्यावर मारलेला रंग पहिले काही दिवस सुरेख दिसतो. मग स्विचच्या आजूबाजूला, खुर्चीची पाठ टेकते तिथे नख लागलं की अख्खी पट्टी सोलून हातात येते. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा. कपाटामागचा एक कोपरा निवडा. अर्धा भाग घासा, अर्धा तसाच ठेवा आणि दोन्हींवर रंग लावा. तीन दिवसांनी ब्लेडने दोन्हीकडे बारीक चौकटी आखा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. न घासलेल्या भागाचा रंग पट्टीला चिकटून येईल.

घासायचं म्हणजे लाकूड उघडं पाडायचं नाही. 120 ते 150 नंबरचा पॉलिश पेपर घ्या आणि रेषांच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा. चमक जाऊन सगळीकडे सारखा मंदपणा आला की थांबा. व्हिनिअर (वर चिकटवलेला खऱ्या लाकडाचा पापुद्रा) असेल तर मशीन लावूच नका, तो थर बऱ्याचदा 1 मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. आणि घासण्याआधी साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसून, मग साध्या पाण्याने पुसून, पूर्ण वाळू द्या. आधी घासलं तर तेलकटपणा आणि मेण त्याच ओरखड्यांत जाऊन बसतं. ही पायरी चांगले कारागीरसुद्धा कधी कधी गाळतात.

एक अपवाद मात्र गंभीर आहे. खाली फार जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. तपासून घेतल्याशिवाय तो कोरडा घासू नका, लहान मुलं असलेल्या घरात तर नाहीच.

'प्रायमर म्हणजे उगाच खर्च.' ओक, महोगनी यांसारख्या लाकडांत टॅनिन नावाचं डाग पाडणारं द्रव्य असतं आणि ते पाण्यात विरघळतं. पाण्याचा रंग लावला की ते वर ओढलं जातं आणि पांढऱ्या भिंतीवर चहा सांडल्यासारखे पिवळट-तपकिरी डाग उमटतात. पाइनच्या गाठींतून राळ झिरपते, ती वेगळीच. लोक घाबरून दुसरा हात देतात, तिसरा देतात आणि डाग पुन्हा वर येतो. इथे डाग अडवणारा प्रायमरच लागतो. गाठींसाठी लाखेवर आधारलेला प्रायमर उत्तम. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, पाण्यात नाही, त्यामुळे वरच्या रंगातलं पाणी खालच्या डागापर्यंत पोहोचत नाही. तो लावताना खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळपास ज्योत नको.

'प्रायमरसकट' रंग वाईट आहे असं मी म्हणत नाही. आधीच रंगवलेल्या, धडधाकट पृष्ठभागावर तो चांगला चालतो. पण उघडं लाकूड आणि गाठी त्याच्या भरवशावर सोडू नका.

'खाचांत भिंतीची पुट्टी भरा.' हवेतल्या ओलाव्याप्रमाणे लाकूड आडव्या बाजूने फुगतं आणि आक्रसतं. भिंतीची पुट्टी कडक असते, तिला हे झेपत नाही. तिला तडे जातात, मग तुकडे पडतात. खिळ्यांच्या भोकांत लाकडासाठी मिळणारी लांबी (वुड फिलर) भरा, कोपऱ्यांच्या फटींत रंगवता येणारं अॅक्रिलिक सीलंट. फळ्यांमधल्या खाचा मात्र मोकळ्याच राहू द्या, हालचालीसाठी ती जागा लागते. शिवाय पॅनेलिंगची शोभा त्या खाचांच्या सावलीतच आहे.

'एकच जाड हात पुरे.' जाड हात खाचांत साचतो आणि ओघळतो. वरून साय धरते, आत ओला राहतो. पातळ दोन हात द्या. आधी ब्रशने खाच, आणि तिची कड ओली असतानाच फोमच्या रोलरने सपाट भाग. दोन हातांच्या मध्ये 220 नंबरचा पेपर अलगद फिरवा आणि धूळ ओलसर फडक्याने टिपा.

'संध्याकाळी फर्निचर लावा.' हाताला कोरडा लागणं वेगळं आणि रंग पक्का होणं वेगळं. पाण्याचा रंग दोनेक तासांत कोरडा लागतो, पण पुरता कडक व्हायला साधारण 2 ते 4 आठवडे घेतो. तोवर सोफा भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, कॅलेंडर टेपने चिकटवू नका आणि डाग पडलाच तर फक्त ओल्या मऊ फडक्याने, न रगडता टिपून घ्या.