तिथीची पाऊणपट

आम्ही मूळचे सातारचे. आमच्याकडे भरती म्हणजे सैन्याची, नाहीतर पोलिसांची. ओहोटी काय ते महिन्याच्या वीस तारखेनंतर खिशाला कळतं. त्यामुळे ऐरोलीला बोटीतून फ्लेमिंगो बघायला जायचं असं बायकोने ठरवलं, तेव्हा मी विचारलं ते फक्त गाडी कुठे लावायची एवढंच. खाडीत पाणी कधी असतं हेही बघावं लागतं, हे माझ्या गावीही नव्हतं.

पक्षी पहाटे बघायचे असतात, एवढं मात्र मला पक्कं माहीत होतं. म्हणून मार्चमधल्या एका रविवारी सहा वाजता मी सगळ्यांना उठवून गाडीत कोंबलं. बायको, चौथीतली लेक आणि मुक्कामाला आलेले सासरे. सासरे रेवदंड्याचे, म्हणजे समुद्रकाठचे. गाडीत पाय ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, "जावईबापू, आज तिथी कोणती?"

"एकादशी. तुमचा उपास नाही का, बाबा!"

"उपासाचं नाही हो. अकराची पाऊणपट किती?"

रविवारी सकाळी सहा वाजता माणसाला पावकी-पाऊणकी विचारू नये. मागून लेक म्हणाली, "सव्वाआठ!"

"म्हणजे सव्वाआठला पूर्ण भरती. थोडी इकडेतिकडे. आत्ता जाऊन काय बघणार?"

मी हसलो. म्हटलं, "बाबा, आता सगळं मोबाइलवर असतं."

आणि ते खरंच मोबाइलवर होतं. बोट साडेअकराला, असा मेसेज आदल्या रात्री दहालाच येऊन पडला होता. तो मी सकाळी सात वाजता, बंद फाटकासमोर उभा राहून वाचला.

त्या साडेचार तासांत मला खाडीचं बरंच ज्ञान झालं. त्यातलं पुष्कळसं डासांच्या मार्फत. बाकीचं लेकीने दिलं, कारण शाळेच्या प्रकल्पासाठी तिने सगळं पाठ केलं होतं. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य 2015 साली जाहीर झालं, 2022 साली ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा झालं. फ्लेमिंगोचं मराठी नाव रोहित. "आमच्या वर्गात चार आहेत," ही माहिती तिने फुकट जोडली. धाकटा रोहित, म्हणजे फ्लेमिंगोची लहान जात, शेवाळ खातो आणि त्यातल्या रंगद्रव्यामुळे गुलाबी होतो. हे शेवाळ पोसण्यात आपण खाडीत सोडलेल्या सांडपाण्याचाही हात असावा, असं जाणकार म्हणतात. म्हणजे त्या गुलाबी रंगात आमच्या सोसायटीचाही खारीचा वाटा असणार. मेंटेनन्सच्या बिलात हे लिहायला हरकत नाही.

वेळेचं कोडं सासऱ्यांनी उलगडून सांगितलं. भरतीला चिखल बुडतो. पक्ष्यांचं ताटच पाण्याखाली गेल्यावर ते थांबतील कशाला? पूर्ण ओहोटीला ताट उघडं पडतं, पण बोट रुतते. म्हणून मधली वेळ गाठायची. ती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते आणि तुमच्या रविवारची तिला काहीही पडलेली नसते.

फाटक उघडल्यावर आम्ही कांदळवनातल्या पायवाटेवर गेलो. तिवरांची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिली खोचल्यासारखी वर आली होती. पाणी उतरू लागलं तसे त्यांच्यामधून खेकडे बाहेर आले, नखाएवढे. नराची एक नांगी स्वतःपेक्षा मोठी. ती वर करून हलवायचा, खाली घ्यायचा, पुन्हा हलवायचा. मादी समोर शांतपणे चिखल खात बसलेली. दहा मिनिटं झाली, तिने मान काही वर केली नाही. बायको म्हणाली, "अहो, बघा, तुम्ही मघाशी वॉचमनला मोबाइल दाखवत होतात ना, अगदी तसंच." शेजारून एक निवटी, चिखलात उड्या मारणारी मासळी, टुणकन उडाली. तीही हसलीच असणार.

साडेअकराला डोक्यावर ऊन आणि अंगावर नारिंगी लाइफ जॅकेट अशा थाटात बोट सुटली. पुढच्या बाकावर तोफा लावून छायाचित्रकार बसले होते. एकाने ओळख दाखवायला विचारलं, "तुमची लेन्स?" मी चष्मा पुसत "बायफोकल" म्हणालो. त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही.

आणि मग ते दिसले. लांबून वाटलं, उतरत्या पाण्याच्या कडेला कुणीतरी गुलाबी पातळ वाळत टाकलंय. जवळ गेलो तशा त्या पातळाला काटकुळ्या तंगड्या फुटल्या. शेकडो पक्षी माना खाली घालून, चोच उलटी करून चिखल चाळत होते. मागे पूल, विजेच्या तारा, टॉवर. इंजिन बंद झालं आणि सगळी बोट गप्प बसली. सासरेसुद्धा.

नेमकी तेव्हाच माझी टोपी बाकाखाली गेली. मी वाकलो. लाइफ जॅकेट गळ्याशी अडकलं, हात पोचेना, म्हणून मान आणखी आत घातली. वर एकदम "अगंबाई!" आणि शंभर कॅमेऱ्यांची खटखट. पंखांचा सळसळाट मी ऐकला, तो बाकाखालून. टोपी घेऊन वर आलो तोवर थवा पार पलीकडे जाऊन उतरला होता.

"अहो, बघितलंत ना? पंखांच्या आतला तो गुलाबी, आणि कडेचा काळा?" बायकोचे डोळे भरून आले होते.

"वा! काय रंग!" मी म्हणालो. संसाराला पंधरा वर्षं झाली आहेत.

संध्याकाळी लेकीने प्रकल्पाचं चित्र काढलं. चिखलात मान उलटी घातलेला एक गुलाबी पक्षी, शेजारी बोट, आणि बोटीत तशीच मान घातलेला एक नारिंगी. त्याला चष्मा होता.

बायकोने चित्र बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून वरीचे तांदूळ खात राहिलो.

"काही हरकत नाही," सासरे बोटं मोजत म्हणाले. "पुढच्या रविवारी तृतीया. तीनची पाऊणपट सव्वादोन, म्हणजे बोट साडेपाचच्या आसपास. ऊनही नाही."

मी उठलो आणि मधली एखादी तिथी क्षयाची निघतेय का, ते बघायला भिंतीवरचं कालनिर्णय काढलं.