उमेदवाराचा धर्म आणि माझ्या दारातलं पत्रक

२०२४च्या नोव्हेंबरात माझ्या दोन्ही देशांत पंधरा दिवसांच्या अंतराने मतदान झालं. ५ तारखेला अमेरिकेत, २० तारखेला महाराष्ट्रात. पहिल्या ठिकाणी मला मत होतं, दुसऱ्या ठिकाणी नुसतीच मतं होती. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं तेव्हाच तिकडचा मतदानाचा हक्क गेला. उरला तो कुटुंबाचा व्हॉट्सअॅप ग्रुप, आणि त्यावर अलिबागचा आमचा दादा.

‘बटेंगे तो कटेंगे’ त्या दिवसांत ग्रुपवर रोज येऊन पडत होतं. दादाचा उमेदवार ठरलेला होता. तो वारीला जातो, उपास करतो, गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला त्याने पैसे दिले, ही सगळी माहिती दादाने फोटोंसकट पुरवली. मी विचारलं, “त्याच्या प्रतिज्ञापत्रात गुन्हे किती आहेत?” दादा म्हणाला, “केसेस काय रे, राजकारणात असायच्याच. माणूस देवभोळा आहे.” आणि मग ज्याची मी वाट बघत होतो ते आलंच: “तुम्ही तर ३४ गुन्ह्यांत दोषी ठरलेल्याला राष्ट्राध्यक्ष केलंत. आम्हाला कसलं शिकवतोस?”

यावर आमच्या न्यू जर्सी राज्यात ट्रम्प हरले, एवढंच मी म्हणू शकलो. फार लंगडं उत्तर होतं. न्यू यॉर्कच्या ज्युरीने ३० मे २०२४ला निकाल दिला आणि पाच महिन्यांनी देशाने त्यांना निवडून दिलं, हे खरंच आहे.

पण दादाला सांगायची एक गोष्ट माझ्याकडे होती, ती मी त्या दिवशी सांगितली नाही. २०१७च्या नोव्हेंबरात आमच्या एडिसनमध्ये शाळामंडळाची निवडणूक होती. मतदानाच्या आठवड्यात घरोघरी टपालाने एक पत्रक आलं. त्यावर दोन उमेदवारांचे फोटो होते, एक चिनी वंशाचा गृहस्थ आणि एक गुजराती आडनावाची बाई. दोघांच्याही फोटोवर शिक्का: ‘डीपोर्ट’, म्हणजे देशाबाहेर हाकला. चिनी आणि भारतीय लोक आपलं गाव बळकावताहेत, चिनी शाळा झाल्या, भारतीय शाळा झाल्या, क्रिकेटची मैदानं झाली, आता पुरे, असा मजकूर. पत्रक चांगल्या जाड, गुळगुळीत कागदावर छापलेलं होतं. कुणीतरी त्यावर बऱ्यापैकी पैसे खर्च केले होते. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने ते शांतपणे वाचलं आणि म्हणाली, “बाबा, पण आपण तर क्रिकेट खेळतच नाही.”

त्याच दिवसांत तासाभराच्या अंतरावर होबोकेनमध्ये महापौरपदाला उभ्या असलेल्या रवी भल्ला या शीख उमेदवाराविरुद्धही पत्रकं वाटली गेली. त्यांच्या पगडीधारी फोटोवर ‘दहशतवादाला गाव ताब्यात घेऊ देऊ नका’ अशा अर्थाची ओळ होती. भल्ला निवडून आले. आमच्या शाळामंडळाचे ते दोघेही आले. त्या रात्री जेवणाच्या टेबलावर मी मोठं भाषण ठोकलं. माणसाचं काम बघा, त्याचा देव कशाला बघता, वगैरे. बायको म्हणाली, हे अलिबागलाही पाठव. मी पाठवलं नाही.

कारण उघड आहे. इथे मी अल्पसंख्य आहे, म्हणून ‘धर्म बघू नका’ हे मला परवडतं. तिथे माझा जन्म बहुसंख्यांत झाला, त्यामुळे त्याच वाक्याची मला कधी गरजच पडली नव्हती. आणि हा दुटप्पीपणा फक्त समुद्र ओलांडून केला जातो असंही नाही. २०२५ मध्ये नदीपलीकडे न्यू यॉर्कला महापौरपदासाठी जोहरान ममदानी उभे राहिले, तेव्हा आमच्या ओळखीतल्या एका घरी झालेली चर्चा मी ऐकली. काही घरांची भाडेवाढ गोठवायची, बस फुकट करायच्या, या त्यांच्या योजनांवर भांडायला भरपूर वाव होता. मला स्वतःला त्यातलं बरंचसं पटत नाही. पण तासभर जे बोलणं चाललं ते ‘तो मुसलमान आहे’ या तीन शब्दांवर. समोरचे मुख्य प्रतिस्पर्धी अँड्र्यू कुओमो. त्यांना २०२१ मध्ये लैंगिक छळाच्या आरोपांनंतर गव्हर्नरपद सोडावं लागलं होतं (आरोप त्यांनी नाकारले). त्याचा विषय कुणी काढला नाही. बोलणाऱ्यांपैकी दोघांच्या घरी ते २०१७चं पत्रक आलं होतं.

धर्म बघून मत देणाऱ्याची बाजू अगदीच पोकळ आहे असं मात्र मी म्हणणार नाही. उमेदवाराची श्रद्धा त्याच्या निर्णयांत उतरते. गर्भपाताच्या कायद्यावर इथे ते रोज दिसतं. पण मग प्रश्न त्या कायद्याचा विचारावा. १९६० मध्ये जॉन केनेडींना ह्यूस्टनला जाऊन प्रोटेस्टंट धर्मगुरूंपुढे सांगावं लागलं, की मी कॅथलिक उमेदवार नाही, डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार आहे आणि धर्माने कॅथलिक आहे. अमेरिकेच्या घटनेत सहाव्या कलमात कुठल्याही पदासाठी धर्माची अट घालू नये असं लिहिलेलं असूनही ही पाळी आली. आपल्याकडे १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने धर्माच्या नावावर मतं मागणं हा भ्रष्ट आचार ठरवला, २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी चार विरुद्ध तीन अशा बहुमताने त्याची व्याप्ती आणखी वाढवली. प्रचार कसा होतो ते आपण बघतोच.

धर्म बघितला की नीतीही आपोआप बघून होते, हा दादाचा खरा मुद्दा. देवभोळा आहे म्हणजे वाईट वागणार नाही. याचं उत्तर इथल्याच कट्टर ख्रिस्ती मतदारांनी दिलंय. खासगी आयुष्यात अनीतीने वागलेला नेता सार्वजनिक काम सचोटीने करू शकतो का, असं २०११च्या एका पाहणीत विचारलं, तेव्हा गोऱ्या इव्हँजेलिकलांपैकी ३० टक्के ‘हो’ म्हणाले. २०१६ मध्ये तोच आकडा ७२ टक्क्यांवर गेला. पाच वर्षांत बायबल तर बदललं नव्हतं. बिल क्लिंटन यांच्या लफड्याच्या वेळी ज्यांनी नीतीचा घोष केला त्यांतलेच अनेक पुढे ‘आपण पाद्री निवडत नाही’ म्हणू लागले. आपला माणूस ठरला की पट्टी त्याच्या उंचीची कापून घेतात.

यापेक्षा आमचे काका बरे. तेही अलिबागचेच, पक्के काँग्रेसवाले. अब्दुल रहमान अंतुले मुख्यमंत्री झाले तेव्हा आपल्या जिल्ह्याचा माणूस म्हणून त्यांनी पेढे वाटले. मग सिमेंटच्या वाटपाच्या बदल्यात देणग्या घेतल्याचं प्रकरण आलं, उच्च न्यायालयाचा निकाल गेला विरोधात आणि जानेवारी १९८२ मध्ये अंतुल्यांनी राजीनामा दिला. काकांनी तेव्हा ओटीवर बसून त्यांना ज्या शिव्या घातल्या त्या सगळ्या सिमेंटवरून होत्या, नमाजावरून एकही नव्हती. १९८६ मध्ये मुलीचे एमडीचे गुण वाढवल्याच्या आरोपावरून मुख्यमंत्री निलंगेकरांना जावं लागलं तेव्हाही शिव्या तितक्याच तिखट. पुढे १९८९ला अंतुले कुलाब्यातून (मुंबईचा नव्हे, आपला रायगडातला मतदारसंघ) लोकसभेला उभे राहिले आणि काकांनी त्यांनाच मत दिलं. “सिमेंट विसरलात?” विचारल्यावर म्हणाले, “विसरलो नाही, समोरच्याशी तोलून बघितलं.”

मी स्वतः कुठली नीती बघतो? उमेदवार बायकोशी कसा वागतो हे त्या दोघांनी बघावं. पण हाताखालच्या बाईशी कसा वागला, शपथेवर काय बोलला, पैशाच्या व्यवहारात कुणाला बुडवलं, हे मी बघतो, कारण निवडून आल्यावर त्याच्या हाताखाली अख्खं खातं येणार असतं. यात आपली सोय अमेरिकेपेक्षा चांगली आहे. इथल्या मतपत्रिकेबरोबर उमेदवाराच्या गुन्ह्यांची यादी कुणी देत नाही. आपल्याकडे २००२-०३च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांपासून उमेदवाराला खटले, मालमत्ता, कर्ज, शिक्षण हे सगळं प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं लागतं. नमुना क्रमांक २६. त्यात धर्माचा रकाना नाही. तरीही २०२४च्या लोकसभेत निवडून आलेल्या ५४३ जणांपैकी २५१ जणांवर खटले होते. त्यांनीच लिहून दिलेले.

मतदानाच्या आदल्या रात्री मी दादाच्या उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या साइटवरून उतरवून ग्रुपवर न टाकता त्याला एकट्याला पाठवलं. सोबत काही लिहिलं नाही. दोन निळ्या टिका लगेच आल्या. तिकडे सकाळ झाल्यावर त्याचा निरोप आला: “खटले जाऊ दे. वहिनीच्या नावावर चाळीस गुंठे, ते आपल्या आळीमागचेच ना?”