नीरोचा प्रभाव त्याच्याबरोबर संपला नाही
इ. स. ६८ मध्ये रोमन सम्राट नीरोने आत्महत्या केली आणि त्याच्या कारभाराचा प्रभावही तिथेच संपला, हे त्याच्यावरील लेखातील विधान मला मुळीच पटत नाही. आईचा वध आणि रोमची आग यांवर लेखकाने भरपूर लिहिले आहे, मात्र इ. स. ६४ च्या सुमारास नीरोने चलनात केलेल्या बदलाचा साधा उल्लेखही नाही. त्यापूर्वी एका रोमन पौंड चांदीतून ८४ दिनार (रोमची चांदीची नाणी) पाडले जात. नीरोने ती संख्या ९६ वर नेली आणि चांदीत तांब्याची भेसळही वाढवली. नंतरचा सम्राट डोमिशियन याने काही वर्षे जुना दर्जा परत आणला खरा, परंतु तो टिकला नाही, आणि पुढच्या सम्राटांनी नीरोचीच वाट धरल्यामुळे तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात रोमचे चांदीचे म्हणवले जाणारे नाणे जवळजवळ तांब्याचेच उरले.

मिरीच्या व्यापारातून दक्षिण भारतात आलेल्या आणि तिथे सापडलेल्या रोमन चांदीच्या नाण्यांत नीरोच्या आधीचे सम्राट ऑगस्टस आणि टायबेरियस यांचीच नाणी बहुसंख्य आहेत. नीरोच्या या बदलानंतरचा हलका दिनार इथल्या व्यापाऱ्यांनी नाकारला असावा, असे एक स्पष्टीकरण अभ्यासक देतात आणि मला तेच सर्वाधिक पटते. प्राचीन जगावरील प्रभाव हाच लेखाचा विषय असताना मिरीच्या व्यापारापर्यंत पोहोचलेला हा परिणाम वगळायला नको होता.