ट्रेडमिल, खारा वारा आणि तुमचे आक्षेप

दादा, इतकं सविस्तर लिहिलंत, बरं वाटलं. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात मांडतो. किनाऱ्यावरच्या घरात पहिली खरेदी ट्रेडमिलची नको, हे माझं मत तुम्हाला पटलेलं नाही. मी गंजाचा उगाच बाऊ करतो, 'तेलाचा हात फिरवला की झालं', असं तुम्ही म्हणता. पावसाचे चार महिने तुमच्या मधुमेही आईंनी चालायचं कुठे, हा तुमचा प्रश्न. आणि व्यायामाचे रबरी बँड, चार किलोचे डंबेल्स म्हणजे पोरखेळ, त्यापेक्षा भिंतीत लोंबकळायचा बार ठोकावा, हा सल्ला.

तेलाचा हात जिथे पोचतो तिथल्या गंजाची मलाही भीती वाटत नाही. डंबेल्सचा दांडा ओल्या फडक्याने पुसावा, लगेच कोरडा करावा, मशीनच्या तेलाचं बोट फिरवावं, तो वर्षानुवर्षं टिकतो. माझा मुद्दा आहे तो जिथे हात पोचत नाही तिथला. ट्रेडमिलची मोटर झाकणाखाली असते आणि तिला गार ठेवायला पंखा बाहेरची हवा आत ओढतो. मिऱ्या, मांडवी, मालवण, वेंगुर्ला, कुठेही धरा, ती हवा खारी. मीठ स्वतःच हवेतली ओल ओढून धरतं, त्यामुळे वरून कोरडा वाटणारा भाग आतून दमटच राहतो. रत्नागिरीला वर्षाकाठी 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात झाकण बंद! सर्किट बोर्डाचे सांधे, रोलरची बेअरिंग, बोल्टचे आटे, सगळं त्या ओलीत बसलेलं असतं.

डंबेल्सवरच्या क्रोमच्या मुलाम्याचंही तेच. त्या चकचकीत थराला डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा असतात. ओल तिथून खाली शिरते, लोखंड गंजून फुगतं आणि वरचा पापुद्रा सुटतो. दुकानात डंबेल्स हातात घेतलात की वजन बघण्याआधी रबर दांड्याला जिथे भिडतं तो सांधा बघा. तिथे नारिंगी कड दिसली तर ती जोडी ठेवून द्या, कारण त्या फटीत फडकं कधीच जाणार नाही.

आणि तेल सगळीकडे चालत नाही, हे कळकळीने सांगतो. ट्रेडमिलच्या पट्ट्याखाली फक्त सिलिकॉनचं वंगण घालतात. घरातलं खोबरेल किंवा गाडीचं ऑइल घातलं तर पट्टा खराब होतो. लॅटेक्सच्या बँडला तर तेल लागूच देऊ नका, रबर सैल पडतं आणि ऐन ताणात तुटतं. बँड उन्हात वाळत घालायचा नाही. पुसून, थोडी टाल्कम पावडर लावून डब्यात ठेवायचा. वापरण्याआधी उजेडाकडे धरून जरा ताणायचा, मुठीजवळ केसासारख्या चिरा दिसल्या तर टाकून द्यायचा.

विजेबद्दल तुम्ही लिहिलं नाहीत, पण निर्णय तिथेच होतो असं मला वाटतं. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. एवढं नेहमी होत नाही, पण झड लागली की दिवसातून चार वेळा लाइट जाणं हे आपल्याकडे रोजचंच. चालता चालता पट्टा अचानक थांबला तर तरणा माणूस सावरतो. वयस्कर माणसाचं तसं नाही.

म्हणून आईंसाठी माझं उत्तर वेगळं आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय ते बरोबरच आहे, पण ते चालणं सलग आणि रस्त्यावरच हवं असं नाही. जेवणानंतर पडवीत दहा-पंधरा मिनिटांच्या फेऱ्या मारल्या तरी साखरेला फायदा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला किमान 150 मिनिटांच्या मध्यम व्यायामाबरोबर दोन दिवस ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. 65 वर्षांपुढच्यांना त्याशिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद अशी दोन्ही अंगं असलेला व्यायाम. आपल्याकडे म्हातारी माणसं पडतात ती ओल्या लादीवर, न्हाणीघरात, शेवाळलेल्या पायरीवर. तिथे मांडीतली ताकद उपयोगी पडते. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, ओट्याला धरून टाचा उचलणं, बसून बँड ओढणं एवढ्यावर सुरुवात करा, डॉक्टरांना विचारून. यंत्र घ्यायचंच असेल तर चुंबकीय रेझिस्टन्सची, म्हणजे चुंबकाने पॅडल जड होणारी, जागेवरची सायकल घ्या. साध्या मॉडेलचा डिस्प्ले सेलवर चालतो, लाइट गेली तरी पॅडल फिरतं. सीटची उंची मात्र नीट लावा: पॅडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहायला हवा.

एवढं करूनही ट्रेडमिलच हवी असेल तर घ्या, मी आड येणार नाही. मोटरची ताकद 'कंटिन्युअस', म्हणजे सतत चालताना, किती ते विचारा, जाहिरातीत बहुधा 'पीक'चा, म्हणजे क्षणभराचा, मोठा आकडा असतो. स्टॅबिलायझर आणि चांगलं अर्थिंग हवंच. पडवीत नको, आतल्या खोलीत ठेवा. वॉरंटी कार्डावर गंजाबद्दल काय लिहिलंय ते पैसे देण्याआधी वाचा, आणि दुरुस्तीला माणूस कुठून येणार ते नक्की करा. तो कोल्हापूरहून आंबा घाट उतरून येणार असेल तर त्याची फेरी किमतीत धरा.

चार किलोला पोरखेळ म्हणालात. चार किलोवर कायमचं थांबलं तर खरंच आहे. पण हलक्या वजनानेही, पुढची उचल जेमतेम जमेल इथपर्यंत सेट नेला तर स्नायू वाढतात. खाली आणताना तीन-चार सेकंद घ्या, मग सांगा. पुढे बदलत्या वजनाचे डंबेल्स घेता येतात, पाठीवरच्या सॅकमध्ये तांदूळ भरून बैठका मारता येतात.

बार ठोकायच्या आधी भिंत कसली आहे ते बघा. तुमचं घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, असेल तर थांबाच. चिरा सच्छिद्र असतो. फास्टनर, म्हणजे भोकात फुलून घट्ट बसणारा बोल्ट, आत फुलतो तेव्हा भोक भुगा होऊन मोठं होतं, आणि लोंबकळताना दर झोक्याला ते आणखी सैल होतं. पहिल्या दिवशी बार घट्ट वाटतो, म्हणून माणूस बिनधास्त पूर्ण वजन टाकतो. काँक्रीटच्या बीममध्ये बसवा, नाहीतर बोल्ट भिंतीच्या आरपार नेऊन पलीकडे लोखंडी पट्टी लावून आवळा. ती पट्टी बाहेरच्या अंगाला येणार, तेव्हा स्टेनलेसची घ्या.